सरांची रेषा

नळाला पाणी यायच्या दिवशी मी लॅबला दांडी मारते, हे आमच्या विभागात शिपायापासून प्रमुखांपर्यंत सगळ्यांना पाठ होतं. गारखेड्यात पाणी आठवड्यातून एकदा येतं, तेही त्याच्या लहरीनं, आणि त्या वेळेला घरातलं एक माणूस मोटरीपाशी लागतंच. नवरा वाळूजला कारखान्यात, सासूबाईंचे गुडघे गेलेले, पोरगी शाळेत. उरलं कोण? मी. सात वर्षं झाली तरी पीएच.डी. का होत नाही असं कुणी विचारलं की मी पाण्याचं कारण पुढं करायचे, कारण ते या शहरात कुणालाही पटतं. खरं कारण सांगायला बसलं की समोरचा मोबाइल काढतो.

खरं कारण म्हणजे आमचं कामच तसं. धातूवर अचाट दाब दिला तर तो आतून बदलतो का, हे बघायचं. त्यासाठी दोन हिरे लागतात. दागिन्यातले नव्हेत, टोकं घासून सपाट केलेले. ते टोकासमोर टोक असे बसवायचे आणि मधे पोलादाची पातळ पट्टी ठेवायची. पट्टीला मधोमध एक भोक, केसाहून जरासं मोठं. त्या भोकात आपल्या धातूचा कण, एक माणकाचा कण आणि अल्कोहोलचा थेंब. मग स्क्रू हळूहळू पिळत जायचे. हिरे जवळ येतात, आणि त्या एवढ्याशा भोकात पृथ्वीच्या पोटात असतो तसला दाब तयार होतो. माणकावर लेझर टाकला की ते चमकतं, आणि त्या चमकेच्या रंगावरून दाब किती झाला ते कळतं. हे सगळं यंत्र मुठीत मावतं. आम्ही त्याला सेल म्हणतो.

नवरा प्रेस शॉपमधे सुपरवायझर आहे. पत्र्यावर दाब देणं हाच त्याचा दिवसभराचा धंदा. मी कामाला लागले तेव्हा त्याला हे सगळं समजावून सांगितलं होतं आणि तेव्हापासून त्याचं एकच पालुपद. "आमच्याकडं एका शिफ्टमधे टेम्पोभर माल दाबून निघतो. तुझा एवढुसा कण दाबून व्हयना. दे इकडं, लंच टाइममधे करून आणतो."

सुरुवातीला मी हसायचे. नंतर नंतर भांडी आपटायला लागले.

कण भोकात ठेवणं हेच सगळ्यात जिकिरीचं. चिमट्यानं तो उचलत नाही, चिरडतो नाहीतर उडतो. सुईचं टोक आपल्याच नाकाच्या शेंड्यावर घासायचं, तिथलं तेल लागलं की कण सुईला अलगद चिकटतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली, श्वास रोखून, तो भोकात उतरवायचा. शिंक आली की सकाळ वाया. हे मला सरांनी शिकवलं. "लॅबला येताना तोंड साबणानं धुवायचं नाही," हा त्यांचा नियम होता, आणि नव्या पोरांना तो कळायला महिना जायचा.

सर म्हणजे माझे मार्गदर्शक. उंच, वाकलेले, बाराही महिने स्वेटर. खुशीत असले की विद्यार्थ्याला 'तू' म्हणायचे, चिडले की 'तुम्ही'. फिजूलखर्च म्हटला की अंगावर काटा यायचा त्यांच्या. आमच्या पट्ट्या ज्या पोलादी गुंडाळीतून कापायचो, ती त्यांनी तरुणपणी चिकलठाण्याच्या एका कारखान्यातून आणली होती. ती संपेपर्यंत दुसरी आणायची नाही असा दंडक होता, आणि भोकाला लागतो केवढा तुकडा, नखाएवढा. ती गुंडाळी काही संपायचं नाव घेईना. त्यांच्या पहिल्या विद्यार्थ्यापासून माझ्यापर्यंत सगळ्यांनी तिचाच तुकडा कापला.

आणि त्यांची ती रेषा. दाबलेल्या धातूवर क्ष-किरण टाकले की पडद्यावर रेषा उमटतात, प्रत्येक धातूच्या आपापल्या. आतली अणूंची मांडणी बदलली की नवी रेषा उगवते. सरांनी वीसेक वर्षांपूर्वी एका मिश्रधातूत, खूप वरच्या दाबाला, कुणी न पाहिलेली अशी एक नवी रेषा पाहिली. त्यावर त्यांचा पेपर आला. आमच्यासारख्या लहान विभागाला बाहेरची माणसं ओळखायची ती त्या पेपरामुळं. पाहुणे आले की प्रमुख त्यांची ओळख करून द्यायचे, "हे आमचे सर, सरांची रेषा माहीतच असेल."

माझा विषय म्हणजे त्याच घराण्यातला दुसरा मिश्रधातू. त्यातही ती रेषा दिसते का, एवढाच प्रश्न. आधीच्या दोन खेपांना अंधूक दिसली होती. एकदा लख्ख दिसली की प्रबंध पुरा, आणि सरांचं काम आणखी पक्कं. सर जूनअखेर निवृत्त होणार होते. ते गेले की लॅबची खोली दुसऱ्यांना जाणार हे ठरलेलं होतं, म्हणून जे काय व्हायचं ते जूनच्या आत व्हायला हवं होतं. सासूबाई रोज विचारायच्या, "कधी न्हातंय गं तुझं घोडं गंगेत?" मी म्हणायचे, जूनमधे.

क्ष-किरणांचं मोठं यंत्र आमच्याकडं नाही. ते इंदूरकडं आहे, आणि तिथं वेळ मागून घ्यावी लागते. सहा-सहा महिने वाट बघायची तेव्हा कुठं एक-दोन दिवस हाती लागतात. त्या फेब्रुवारीत मी एकटीच गेले, कारण सरांना आताशा बसचा प्रवास सोसत नव्हता. सकाळी उतरले, चहा घेतला, नाकाचं तेल सुईला लावलं आणि कण भोकात उतरवला. भोकात दोन ठिपके दिसत होते. एक माणिक, एक आपला कण. सेल बंद केली, यंत्रावर चढवली, दाब वाढवत गेले.

दुपारी ती उगवली. आधीच्या दोन खेपांपेक्षा स्वच्छ, अगदी त्याच जागी. मी तिथल्या तिथं सरांना फोन लावला. "सर, आली."

"नक्की?"

"लख्ख आली, सर."

 मग म्हणाले, "जेवून घे आता." त्यांचा आवाज ओला झाला होता. मलाही भरून आलं. सात वर्षांचं ओझं उतरल्यासारखं वाटून मी कॅन्टीनमधे दोन वेळा भात मागून घेतला.

जेवून आले आणि सेल उघडली. भोक तपासायचंच असतं. भोकात दोन माणकं होती. एक माझं आणि एक आधीच्या खेपेचं, हिऱ्याला चिकटून राहिलेलं. कण नव्हताच. तो जिच्यावरून उचलायचा त्या काचपट्टीवर पाहिलं, तर महाराज तिथंच बसलेले, तेल लावून, जागचे हललेसुद्धा नव्हते. सुईनं तो उचललाच नव्हता.

म्हणजे सकाळपासून मी रिकामी सेल दाबत होते. आणि रिकाम्या सेलमधे रेषा आली होती.

 मग ती रेषा कुणाची? धातू तर नव्हताच आत. आत होतं माणिक, अल्कोहोल आणि भोवती पट्टी. माणकाच्या रेषा आम्ही ओळखतो. अल्कोहोलच्या अशा रेषा नसतात. राहिली पट्टी. किरणाची कड पट्टीला लागते हे आम्हाला ठाऊक होतं, तिच्या रोजच्या रेषा आम्ही वजाही करायचो. आमच्या धातूची आणि पट्टीची मुख्य रेषा जवळजवळ एकमेकींवर बसते, म्हणून तर धातू नाही हे मला सकाळभर कळलं नव्हतं. पण पट्टी स्वतः दाबाखाली बदलत असेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. शुद्ध लोखंड बदलतं हे पुस्तकात आहे. आमचं पोलाद निराळं, ते बदलायचं नाही, असं सरांनी धरलं, म्हणून आम्ही धरलं. रिकामी सेल चालवून बघायची चैन कोण करणार? सहा महिन्यांनी मिळालेला वेळ कुणी भोक दाबण्यात घालवतं का?

उरलेल्या वेळात मी ती चैन केली. गुंडाळीतला दुसरा तुकडा घेतला, मुद्दाम काही न घालता दाबला. रेषा आली. मी तिच्याकडं बघत बसले. धातू नसताना ती इतकी छान दिसत होती की मला तिचा संताप आला.

परतीच्या बसमधे मी हिशोब मांडत होते. माझा प्रबंध गेला, हे एक. पण सरांनीही त्यांची रेषा याच गुंडाळीच्या पट्टीत पाहिली होती. म्हणजे तीही गेली. आणि हे जगात मला एकटीला माहीत होतं.

घरी आले तर नळाचा दिवस. नवरा रजा टाकून मोटरीपाशी उभा. मी त्याला सगळं सांगितलं. तो पाइप धरून ऐकत राहिला आणि म्हणाला, "मग ती रिकामी सेल कुणाला सांगायचीच कशाला? उडव ना ती फाइल."

"अहो, असं कसं?"

"असं कसं काय? कुणी बघायला आलंय? सात वर्षं पाळ्या बदलून घेतल्या मी, तुला लॅबला जाता यावं म्हणून. पोरगी माझ्या हातचं खाऊन मोठी झाली. आता तूच म्हणतीस, भोक दाबत होते." त्याचा आवाज चढला, पण पाइप काही सोडला नाही. "बेजार झालोय मी, बाई."

 खोटं काय होतं त्यात? तो बेजार होता, मी त्याहून बेजार होते. माझ्याही मनात बसमधे तेच आलं होतं, दहा वेळा आलं होतं. टाकी भरली, मोटर बंद केली. मग त्यानं आपणहून विषय काढला. "आमच्याकडं एक खराब पीस लॉटमधे गेला ना, तर गिऱ्हाईक सगळा लॉट परत पाठवतं. आज ना उद्या येतोच तो परत." आणि ओल्या पायांनी आत गेला. आतून सासूबाईंचं सुरूच होतं, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतंय व्हय. त्यांना अर्धंच ऐकू आलं होतं, त्यांना वाटलं शेजारच्यांचं काहीतरी चाललंय.

दुसऱ्या दिवशी लॅबमधे गेले. टेबलावर क्रांती चौकातल्या दुकानाचा पेढ्यांचा खोका. पैसा सोडताना हात थरथरणारा माणूस, त्यानं अर्धा किलो पेढे आणले होते. मी खोका बाजूला सरकवला आणि उभ्यानंच सांगितलं. कण काचेवर राहिला, रिकामी सेल, दुसऱ्यांदा पण रिकामी, दोन्ही वेळा रेषा.

सरांनी आधी शंका काढल्या. किरण सरकला असेल. कण फुटून अर्धा आत गेला असेल. मी एकेक उत्तर देत गेले. शंका संपल्या तेव्हा ते उठले.

"तुम्ही धांदरट आहात," म्हणाले. "इतक्या वर्षांत तुम्हाला एक कण उचलता येत नाही?"

मी म्हटलं, "उचलता आला असता सर, तर हे कळलंच नसतं."

त्यांनी स्वेटरची बटणं लावली आणि निघून गेले. पेढे तसेच राहिले. शेवटी शिपायानं नेले.

त्यानंतर कितीतरी दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी रोज जायचे, लेन्सा पुसायचे, परत यायचे. राग यायचा. चूक कुणाची, शिक्षा कुणाला? एका सकाळी ते गुंडाळी हातात घेऊन खिडकीशी उभे दिसले. मला पाहून गुंडाळी खाली ठेवली आणि म्हणाले, "इंदूरला वेळ मागितली आहे. बारीक किरण देतात आता, पट्टीला शिवणार नाही असा. भोकाच्या मधोमध टाक आणि बघ." एवढंच. 'टाक' म्हणाले, 'टाका' नाही.

पण ती वेळ पावसाळ्यानंतरची मिळाली. जून हातचा गेला.

निरोप समारंभाला मी औरंगपुऱ्यात जाऊन शाल आणली, दुकानदाराशी घासाघीस करून. हॉल भरला होता. एकामागून एक जण उठून सरांच्या रेषेबद्दल बोलत होता. कुणी म्हणालं ही विभागाची शान, कुणी म्हणालं पुढच्या पिढ्यांना दीपस्तंभ. सर मधल्या खुर्चीत, अंगावर शाल, मांडीवर नारळ, मान खाली. मला वाटत होतं, आता उठतील, आता सांगतील. उत्तराचं भाषण झालं. शिपायाचे आभार मानले, घरच्यांचे मानले. रेषेबद्दल एक शब्द नाही.

मी चहा न घेता घरी आले. सरांचा इतका राग मला कधी आला नव्हता. आणि त्याच रागात हेही कळत होतं की मी त्यांच्या जागी असते तर मीही उठले नसते.

पावसाळा सरल्यावर इंदूरला गेले. ह्या खेपेला कण भोकात उतरला की नाही ते तीन वेळा पाहिलं. बारीक किरण मधोमध टाकला, दाब वाढवत नेला, हिऱ्यांना झेपेल तिथवर नेला. काहीही झालं नाही. धातू जसाच्या तसा. रेषा थोड्या सरकल्या, दाबल्यावर सरकतातच, पण नवीन एकही नाही. प्रबंध त्यावरच लिहिला. इतक्या दाबापर्यंत हा धातू बदलत नाही, आणि जी रेषा दिसते ती पट्टीची. नव्या मार्गदर्शकांनी, ते कागदापुरतेच होते, सही केली. सरांच्या जुन्या पेपराबद्दल मी एकच ओळ घातली, 'त्या निष्कर्षाचा पुनर्विचार व्हावा.' मुद्दाम गुळमुळीत लिहिली. हिंमत नव्हती म्हणा, दया आली म्हणा.

पुढच्या उन्हाळ्यात माझी तोंडी परीक्षा झाली. आमच्याकडं ती खुली असते, आणि खुली म्हणजे सगळं गणगोत येतं. पहिल्या रांगेत सासूबाई, नव्या लुगड्यात. शेजारी नवरा, पोरगी, गावाकडचे दोन दीर. मागं समोशांचा वास सुटलेला. सर आले आणि शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसले. उन्हाळ्यातही स्वेटर.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारायचं ते विचारलं. मग रीतीप्रमाणं म्हणाले, "उपस्थितांपैकी कुणाला काही विचारायचं आहे?" हा प्रश्न नावापुरता असतो. कुणी विचारत नाही, कारण सगळ्यांना भूक लागलेली असते.

सर उभे राहिले.

"याच विभागातून पूर्वी अशाच एका धातूवर एक निकाल प्रसिद्ध झाला होता," ते म्हणाले. "तुम्ही तो एका ओळीत उरकलाय. तुमचं काम बरोबर असेल, तर त्या निकालाचं काय?"

 मी म्हटलं, "सर, त्या काळातली साधनं..."

"साधनांचं नाही विचारलं. निकालाचं विचारलं."

 त्यांच्याकडं बघवेना, आणि दुसरीकडंही बघता येईना.

"तो चुकीचा आहे, सर."

"कशावरून?"

"रेषा पट्टीची होती. धातू बदललाच नव्हता."

"धन्यवाद," सर म्हणाले आणि बसले.

टाळ्या नंतर वाजल्या, परीक्षकांनी शिफारस वाचून दाखवली तेव्हा. दिरांनी हार घातला, पोरगी गळ्यात पडली, नवरा डोळे पुसत होता आणि पुसत नसल्याचं दाखवत होता. सासूबाईंनी मात्र मला कोपऱ्यात ओढलं.

"ते मागचं म्हातारं माणूस कोण गं?"

"माझे सर, आई. ज्यांच्याकडं मी शिकले ते."

"अगं बाई! आन् त्यांना तू चारचौघात चुकलात म्हणलीस? लाज नाय वाटली?"

"त्यांनीच विचारलं ना, आई."

 त्यांनी दोन समोसे आणि पेढा बशीत घेतला आणि दुखऱ्या गुडघ्यांनी हॉल ओलांडून दारापर्यंत गेल्या. मी मागोमाग. "घ्या सर," त्या म्हणाल्या. "आमची सून तोंडाची लई फटकळ. मनावर घेऊ नका."

"फटकळ कुठली, आई?" सर म्हणाले. "दोनदा विचारावं लागलं मला." बशी घेताना त्यांचा हात हलत होता. सासूबाई पाणी आणायला वळल्या तेव्हा ते माझ्याकडं बघून, हळू आवाजात म्हणाले, "निरोपाच्या दिवशीच बोलणार होतो. पण सगळं ठाऊक असून तू आणलेली शाल अंगावर होती गं."

 मी नुसती बशी धरून ठेवली, त्यांच्या हातातून पडू नये म्हणून.